माळेगावचा घोडा आणि बंदरावरचा पहारा

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. नांदेडहून लोह्यावरून लातूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव एरवी लहानसेच. परंतु यात्रेच्या दिवसांत तेथे जनावरांचा मोठा बाजार उभा राहतो. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी बैल यांची दावण लागते आणि दूरदूरचे व्यापारी व शौकीन तेथे गोळा होतात. घोडा घेणारा मनुष्य मोठा चिकित्सक असतो. दात पाहून तो वय ठरवितो, चाल पाहून मोल ठरवितो आणि अंगावरचे भोवरे पाहून जनावर आपणास लाभेल की नाही, याचा कौल घेतो. परंतु ज्या एका गोष्टीवर त्याच्या सबंध पागेचे भवितव्य अवलंबून असते, ती ना दातांत दिसते, ना चालीत, ना भोवऱ्यांत. ती गोष्ट म्हणजे त्या जनावराच्या अंगात दडून बसलेला रोग होय.

घोड्यांच्या रोगांत ग्लँडर्स हा फार जुना व फार घातकी रोग आहे. त्यात जनावरास ताप भरतो, खोकला लागतो, नाकातून पिवळा चिकट स्राव वाहतो आणि नाकाच्या आत व्रण पडतात. कधी हाच रोग कातडीत उतरतो. मग पायांवर व पोटाखाली गाठी येतात, त्या फुटतात व वाहू लागतात. या रूपास फार्सी असे नाव आहे. रोगाचा जंतू १८८२ साली जर्मनीत लफ्लर व शुट्झ या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. रोगी जनावराचा स्राव तोबऱ्यास अथवा पाण्याच्या हौदास लागला म्हणजे तेथे तोंड घालणाऱ्या दुसऱ्या जनावरास तो जडतो. इतकेच नव्हे, तर घोड्याची चाकरी करणाऱ्या मनुष्यासही तो होऊ शकतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास त्याच्या प्राणावर बेततो. त्यावर जनावरांसाठी लस नाही. सर्वांत कठीण गोष्ट ही की, कित्येक जनावरे महिनोन्महिने वरकरणी धडधाकट दिसतात, काम करतात, विकलीही जातात, आणि त्या सर्व काळात रोग वाटीत फिरतात.

ज्या काळी फौज, टपाल आणि वाहतूक यांचा भार घोड्यांवर होता, त्या काळी या रोगाने सरकारची झोप उडविली असल्यास नवल नाही. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांचे संशोधन करण्यासाठी प्रयोगशाळा निघाली; तीच १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने लागोपाठ दोन कायदे केले. १८९८ चा कायदा परदेशातून येणाऱ्या जनावरांसंबंधी होता व १८९९ चा कायदा ग्लँडर्स आणि फार्सी यांसंबंधी. एकाने बंदराचे दार राखावयाचे आणि दुसऱ्याने घरात शिरलेल्या चोरास धरावयाचे, अशी ही वाटणी होती. नांदेड व लातूर हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैद्राबाद संस्थानात मोडत असे. परंतु रोगास संस्थानाच्या सरहद्दी ठाऊक नसतात.

बंदराच्या दारावरील पहाऱ्यास क्वारंटीन म्हणतात. प्लेगच्या साथीपासून हा शब्द महाराष्ट्राच्या कानास परिचित आहे. मूळचा तो व्हेनिसकडील. त्याचा अर्थ चाळीस दिवस. संशयित जहाजास तितके दिवस बाहेर थांबवून ठेवण्याची तेथे रीत होती. तत्त्व अगदी साधे आहे: रोग अंगात असूनही दिसत नाही असा जो काळ, तो जनावराने इतरांपासून दूर काढावा. १८९८ चा कायदा पुढील दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. परदेशातून घोडा आणावयाचा असल्यास त्या देशाच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो, ठरलेल्या रोगांसाठी तपासणी लागते, आणि येथे उतरल्यावर जनावर वेगळे ठेवावे लागते. या कामासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैद्राबाद व बेंगळुरू येथे सरकारी केंद्रे आहेत.

या पहाऱ्याचे मोल दोन प्रसंगांवरून कळते. १९५९ ते १९६१ या काळात आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा रोग आफ्रिकेबाहेर पडला आणि पश्चिम आशियातून भारतापर्यंत पसरला. तो बारीक चिलटांच्या चाव्याने पसरतो. त्या साथीत या सर्व देशांत मिळून तीन लाखांहून अधिक घोडे, खेचरे व गाढवे दगावली. दुसरा प्रसंग २००७ सालचा, ऑस्ट्रेलियातील. तेथे घोड्यांचा इन्फ्लुएंझा पूर्वी कधी नव्हता. जपानहून आणलेले घोडे सिडनीजवळच्या क्वारंटीन केंद्रात ठेवले होते. नियमही कडक होते. तरी रोग बाहेर पडला आणि सुमारे १०,००० ठिकाणच्या घोड्यांस झाला. न्यायमूर्ती कॅलिनन यांच्या चौकशीत असे दिसून आले की, केंद्रात ये-जा करणाऱ्या माणसांच्या अंगावरून, कपड्यांवरून वा सामानावरून तो बाहेर गेला असावा. हात धुणे व कपडे बदलणे हे नियम कागदावर होते. त्यांच्या पालनात ढिलाई झाली होती.

आता मराठवाड्याकडे वळावे. बंदरास एक दार असते. माळेगावच्या माळास शंभर वाटा आहेत. तेथे आलेला घोडा चार दिवसांनी कोणत्या गावी असेल, हे सांगता येत नाही. कोणी लग्नाच्या वरातीत मिरवेल, कोणी टांग्यास जुंपला जाईल. गाढवे व खेचरे वीटभट्टीवर जातील. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे घोडे पाळण्याची जुनी परंपरा आहे, आणि उत्सवाच्या मिरवणुकीत ते हजारो भाविकांच्या मधून चालतात. अशा मुलखात एका जनावराचा रोग एकट्या मालकाचा राहत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. पुष्कळ वर्षे शांत असलेला ग्लँडर्स २००६ साली भारतात पुन्हा उद्भवला, तो महाराष्ट्रातच. आणि मागाहून इतर प्रांतांतही आढळू लागला.

१८९९ च्या कायद्याची जागा आता २००९ च्या कायद्याने घेतली आहे. त्यान्वये जनावरास असा रोग असल्याचा संशय येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळवावे, जनावर वेगळे बांधावे आणि बाजारात नेऊ नये. सरकारास तो टापू नियंत्रित म्हणून जाहीर करून तेथील ये-जा व बाजार बंद करता येतात. रक्ताचा नमुना हरियाणातील हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासला जातो. रोग निश्चित ठरल्यास जनावरास वेदनारहित मरण देण्यात येते आणि मालकास भरपाई देण्याची तरतूद आहे.

येथेच खरी गाठ आहे. ज्याचा संसार एका घोड्याच्या पाठीवर चालतो, तो मनुष्य संशय आल्याबरोबर स्वतः होऊन सरकारदारी जाईल काय? घोडा गेला तर उद्याची भाकर गेली. भरपाई किती आणि केव्हा, याची त्यास खात्री नसते. मग अशा वेळी जनावर अंधारात विकून मोकळे होण्याचा मोह पडतो, आणि रोग दुसऱ्या गावी पोचतो. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु दंडाच्या भयाने लपविलेला रोग उघडा पडत नाही, तो अधिक खोल लपतो. भरपाई पुरेशी आणि वेळेवर हाती पडली, तरच खबर वेळेवर मिळते. ती भरपाई म्हणजे दानधर्म नव्हे. गावाचे रक्षण करण्यासाठी एकाने जे गमावले, त्याची ती उचित किंमत आहे.

मालकाच्या हातीही काही गोष्टी आहेत. नवे जनावर घरी आणताच जुन्या जनावरांच्या दावणीस बांधू नये. काही आठवडे वेगळे ठेवावे. त्याचा तोबरा, बादली, खरारा व लगाम निराळा असावा. यात्रेतील सामाईक हौदावर पाणी पाजण्यापेक्षा आपली बादली बरी. नाकातून स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्यास उघड्या हाताने त्यांस स्पर्श करू नये, पशुवैद्यास बोलवावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तालुक्यांच्या गावी पशुचिकित्सालये आहेत. विकत घेताना तपासणीचा दाखला मागण्यात संकोच नसावा, आणि देण्यात विकणाऱ्याने अपमान मानू नये.

मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या उंची घोड्यावर सरकारचा पहारा असतो. माळेगावच्या माळावर विकला जाणारा साधा तट्टू मात्र विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाच्याच पहाऱ्यात असतो. दात, चाल आणि भोवरे पाहणाऱ्या जाणत्यांनी त्या परीक्षेत दाखल्याचीही भर घातली, तर पुढील मार्गशीर्षातही ती दावण तितकीच भरलेली दिसेल.