देवडीवरचा दारवान आणि आपली ग्रंथसूची
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मी मराठीचा अध्यापक. संगणकाच्या जाळ्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की सूचीच्या कामात वर्षभर मी एका माजी विद्यार्थ्याच्या शेजारी बसलो आणि न कळलेले प्रश्न न लाजता विचारले. देवघेवीच्या नोंदी संगणकावर नेण्याचे ठरले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, "कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले, हे उद्या साऱ्या जगाला दिसणार काय?" प्रश्न रास्त होता. आजचे बोलणे हे त्यांना द्यावयाचे उशिराचे उत्तर आहे.

'क्लाउड' या नावाने फसू नये. ही यंत्रे आकाशात नाहीत. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या हैदराबादेतच असे केंद्र सुरू केले. तेथे आपण जागा भाड्याने घेतो आणि तीत स्वतःचे खाजगी जाळे आखतो.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आपल्या शहरातील घरक्रमांक कसे आडव्या रेघांनी तोडलेले असतात, तसे हे पत्ते टिंबांनी तोडलेले चार आकडे असतात. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते अपुरे पडणार हे जाणत्यांना १९९० च्या दशकातच दिसले होते, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक मध्यवर्ती साठा खरोखरच संपला. तोवर तोड निघालेली होती. १९९४ मध्ये नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे पत्त्याचे रूपांतर, ही योजना मांडली गेली. १० या आकड्याने सुरू होणारे पत्ते, तसेच आणखी काही, घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. ते घरात चालतात. रस्त्यावर त्यांना कोणी ओळखत नाही.

येथे 'देवडी' हा शब्द आठवतो. मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजालगतची पहाऱ्याची जागा. हैदराबादेत मात्र देवडी म्हणजे अवघा वाडाच. (शब्द सीमा ओलांडताना असे फुगतात.) मी मराठी अर्थाने बोलतो आहे. माजघरातील माणसाला बाहेर पत्र धाडायचे तर तो ते दारवानाकडे देतो. दारवान त्यावर वाड्याचा पत्ता घालतो आणि पत्र कोणाचे, हे वहीत टिपतो. उत्तर आले की वही पाहून ते आत पोहोचवतो. वहीत नोंदच नाही असे पत्र आले, तर ते आत जात नाही. ही वही म्हणजे यंत्राचे 'पोर्ट' क्रमांक.

आपल्या जाळ्याचे आम्ही दोन भाग केले. ओसरीवर वाचकांसाठी शोधाचे पान. माजघरात सभासदांच्या नोंदी. प्रत्येक भागाला स्वतःची मार्गसूची असते. ओसरीच्या मार्गसूचीत 'बाकी सर्व जगाकडे' जाणारी वाट थेट महाद्वाराकडे, तर माजघराच्या मार्गसूचीत तीच वाट दारवानाकडे. एका पत्त्याला दोन वाटा लागू पडल्या, तर अधिक नेमकी वाट निवडली जाते. म्हणून घरातल्या घरात जाणारा निरोप दारवानापर्यंत जातच नाही.

हे आज सोपे वाटते. पण दोन संध्याकाळी आमचे नोंदींचे यंत्र मुके बसले होते. सुरक्षेच्या सुधारणा बाहेरून उतरून घ्यायच्या होत्या, काही येईना. परवानग्या तपासल्या, कुलपे तपासली. अखेर विद्यार्थी कपाळावर हात मारून म्हणाला, "सर, दारवानाला आपण माजघरातच बसवलाय!" रूपांतराचे द्वार ओसरीच्या भागात हवे होते, आम्ही ते आतल्या भागात उभारले होते. तिथली बाहेरची वाट त्याच्याकडेच जाणारी, त्यामुळे तो स्वतःच कोंडला गेला होता. द्वार ओसरीत नव्याने उभारले, माजघराच्या मार्गसूचीत त्याचे नाव घातले, आणि काही मिनिटांत काम सुरू झाले.

विश्वस्तांसाठी खर्चाचेही सांगतो. दारवानाला तासाप्रमाणे भाडे आहे, शिवाय त्याच्या हातून जाणाऱ्या मजकुराच्या वजनाप्रमाणे वेगळे. जुन्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे फार जड. ती त्याच केंद्रातील साठवणीच्या कोठारात जायची असल्याने त्यांच्यासाठी मार्गसूचीत निराळी आतली वाट घातली; तिला भाडे पडत नाही. केंद्राच्या तिन्ही विभागांत एकेक दारवान ठेवणे अधिक निर्धास्त, पण आपण एकच ठेवला. तो विभाग बंद पडला तर नोंदींच्या यंत्राचा बाहेरचा संपर्क तेवढा वेळ तुटेल. ग्रंथालयाला हे परवडते. रुग्णालयाला परवडले नसते.

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे येतो. बाहेरचा कोणीही आपल्या नोंदींच्या यंत्राशी आपण होऊन संबंध जोडू शकत नाही. मात्र दारवान आहे म्हणून निश्चिंत राहणे मला पटत नाही. आतल्या यंत्रानेच एखादी घातक गोष्ट मागवली, तर तो ती अदबीने आत आणून देईल. ओसरीवरचे पानही नोंदींशी बोलतेच. म्हणून त्या पानाला केवळ 'पुस्तक उपलब्ध आहे की नाही' एवढेच विचारता येते; 'कोणाकडे आहे' हे नाही. तो प्रश्न अजूनही आपल्या ग्रंथपालांनाच, समोर उभे राहून, विचारावा लागतो. आणि ते उत्तर देत नाहीत, हे येथील पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे.