पाच तारे म्हणजे परिणाम नव्हे

आजचा प्रश्न मला दोन वर्षं छळतोय. एखाद्या संग्रहालयाने आंदोलनावर कार्यक्रम ठेवला, तर लोकांवर त्याचा परिणाम झाला की नाही, हे ओळखायचं कसं?

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं. त्याला पीटरलू म्हणतात. २०१९ मध्ये, दोनशे वर्षं झाली म्हणून, तिथल्या पीपल्स हिस्ट्री म्युझियमने आंदोलन या विषयावरच प्रदर्शन भरवलं. आजच्या लोकांना आपापले प्रश्न मांडायला वेगळी जागाही दिली. हे वाचलं आणि मला आमचा मंठा आठवला.

मंठा निजामाच्या राज्यात होता. पलीकडे लोणार, तिथे निजामाचा अंमल नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. आम्ही दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन केलं, भाषण ऐकलं आणि घरी आलो. रझाकार म्हणजे कोण, हे मला दहावीपर्यंत धड सांगता आलं नसतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एका शाळेत छोटं प्रदर्शन लावलं. १९३८ चा सत्याग्रह, औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांचं वंदे मातरम आंदोलन, स्वामी रामानंद तीर्थ, आपल्याच जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. मी इंजिनिअर, म्हणून फीडबॅक माझ्याकडे आला. दारात क्यूआर कोड लावला: 'प्रदर्शन कसं वाटलं?' जवळजवळ सगळ्यांनी पाच तारे दिले. मी खूश! ग्राफ काढून ग्रुपवर टाकला.

एका निवृत्त गुरुजींनी फोन केला. "बाळा, यातून कळलं काय?"

खरं सांगू? काहीच नाही. सर शेजारी उभे असताना कोण दोन तारे देईल?

महिन्याने मी परत गेलो, एकच प्रश्न घेऊन: घरी कुणाला काही विचारलंत का? बहुतेकांनी माना हलवल्या, नाही. पण एका मुलीने पणजीला विचारलं होतं. पणजी लहान असताना एका रात्री बैलगाडीत बसून लोणारकडे गेली होती. तोवर घरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि एक पोरगा म्हणाला, "दादा, यांचे फोटो लावता, मग मी मोर्चाला गेलो तेव्हा पप्पा का चिडले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण परिणाम म्हणतात तो हाच, आणि माझ्या ग्राफमध्ये तो कुठेच नव्हता.

आता पुन्हा करायचं झालं तर मी असं करेन. आत जाण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, 'लोक आंदोलन का करतात?' दोन ओळी लिहा, नाव नको. बाहेर आल्यावर तोच प्रश्न. तीन महिन्यांनी पुन्हा तोच. शिवाय ज्या वर्गाने प्रदर्शन पाहिलं नाही, त्यालाही विचारायचं. नाहीतर झेंडावंदनाच्या भाषणाचं श्रेय आपण आपल्या खात्यात लिहून टाकू.

एक गोष्ट मात्र मोजायची नाही: किती जण मोर्चात गेले. मोर्चाला गर्दी जमवणं हे संग्रहालयाचं काम नाही. एखादा म्हणेल, मला हा मार्ग पटत नाही. त्याला कारण सांगता आलं, तर तोही परिणामच.

आणि पणजीची गोष्ट एक्सेलच्या रकान्यात बसत नाही. ती तशीच, तिच्या शब्दांत लिहून ठेवायची.

तुमच्या घरात सगळ्यात वयस्कर कोण आहे? १७ सप्टेंबरची वाट बघू नका. आज रात्री जेवताना विचारा, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांना आधी विचारून, बरं का.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.