सुप्याच्या बाजारात काय जळलं?



तुमच्यातले काही विद्यार्थी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याहून एसटीने येतात. त्याच सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागतील ते कागद त्यांनी जाळले. माणसांवर हात क्वचितच उगारला. बघणाऱ्याला ती नुसती दंगल वाटली असेल.

पण ती एका दिवसात पेटली नव्हती. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. इंदापूर तालुक्यात १८३६ साली तीस वर्षांसाठी ठरलेल्या शेतसाऱ्याची मुदतही याच सुमारास संपली आणि नवा सारा वाढवून लागला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चाले, म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. शेवटी सावकाराने हात आखडता घेतला, तेव्हा शेतकऱ्याकडे सारा भरायलाही पैसा उरला नाही. दंगलीनंतर इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

भाव आणि कर्ज यांवरून वाद आजही होतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा मोबाइलवर लगेच दोन तट पडले. कर्जमाफीच्या प्रत्येक बातमीचं हेच होतं. तेव्हा जरा थांबून विचारा: हा भाव कुठे ठरला? कर्ज कुणी दिलं, कोणत्या अटींवर?

१८७५ आणि आज एकच, असं मात्र म्हणू नका. तेव्हा नीरा डावा कालवा नव्हता. सहकारी सोसायटी, जिल्हा बँक, साखर कारखाना यांतलं काहीच नव्हतं. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे वेगळं काढणं हाच इतिहासाचा खरा अभ्यास, आणि तो कष्टाचा आहे.

म्हणून या सुट्टीत घरातले जुने सातबारा, फेरफार, सोसायटीची पासबुकं बाहेर काढा. आजी-आजोबांना विचारा, कालव्याचं पाणी आपल्या रानात कधी आलं, विहिरीसाठी पैसे कुणाकडून घेतले, फिटायला किती वर्षं लागली. ते सांगतील ते लिहून काढा आणि तुमच्या इतिहासाच्या सरांना, मॅडमना दाखवा.