गोळीचा उतार आणि डोळ्याचा अंदाज

बंदुकीची गोळी प्रथम सरळ जाते व मग खाली झुकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नळीचे तोंड सोडताक्षणीच ती नळीच्या रोखाखाली उतरू लागते: अर्ध्या सेकंदात सुमारे ४ फूट, पूर्ण सेकंदात १६ फूट. वेळ दुप्पट, तर उतार चौपट.

१८५३ सालची एनफील्ड ही ठासणीची रायफल. तिचीच काडतुसे १८५७ च्या उठावास निमित्त झाली. त्या काडतुसांत दारू मोजून भरलेली असे. कारण माप बदलले, की नेमाचे आकडे खोटे ठरत. हे आकडे नळीवरील उभ्या पट्टीवर कोरलेले असत. लक्ष्य जितके दूर, तितकी पट्टीवरील खाच वर सरकवावयाची. मग खाच, पुढची माशी व लक्ष्य एका रेषेत आणताना नळीचे तोंड आपोआप उंचावते. गोळी कमानीने चढून लक्ष्यावर उतरते.

परंतु अंतर किती, हे पट्टी सांगत नाही. सहाशे यार्डांवर अंदाज पन्नास यार्डांनी चुकला, तर गोळी माणसाच्या डोक्यावरून जाते किंवा पायांपुढे मातीत शिरते. म्हणूनच इंग्लंडमधील हाइथ येथे १८५३ मध्ये निघालेल्या लष्करी नेमबाजी शाळेत शिपायांना नुसत्या डोळ्यांनी अंतर ओळखण्यास शिकवीत. शस्त्र अचूक झाले, तसा डोळ्यावरील भार हलका न होता वाढलाच.