डोक्याची जखम भरली, पण माणूस पहिल्यासारखं का नाही?

आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचंय ते वरून दिसत नाही, म्हणून त्याच्यावरून घराघरांत भांडणं होतात.

मोटारसायकलवर मागं एका बाजूला बसलेली बाई गतिरोधकावर उडते आणि डोक्यावर पडते. कुणी झाडावरून पडतं, कुणाला बैल उडवतो. आणि हेही बोललंच पाहिजे, कुणाचं डोकं घरातच भिंतीवर आपटलं जातं. दवाखाना होतो, टाके पडतात, सीटी स्कॅन होतो, पंधरा दिवसांनी बाई घरी येते. मग चार-सहा महिन्यांनी सासू म्हणायला लागते, "ही आता नुसती पडून असते." दुधाचा हिशोब चुकतो. चुलीवर काय ठेवलंय ते ध्यानात राहत नाही. बचत गटाच्या बैठकीत पुढं होऊन बोलणारी बाई कोपऱ्यात गप्प बसते. पाळी लांबते, नाहीतर बंदच होते. कुणी म्हणतं आळशी झाली, कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय. शेवटी तिला माहेरी पोचवतात.

आता यामागं काय असू शकतं ते बघू. आपल्या मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मुळाच्या मागं, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात, डॉक्टर पिट्युटरी म्हणतील. ती मेंदूला एका बारीक देठानं लोंबते, आणि तिचं बरंचसं रक्त त्या देठातूनच येतं. डोक्याला जोराचा हिसका बसला की देठ ताणला जातो, रक्त कमी पडतं, ग्रंथीला सूज येते. एवढीशी ग्रंथी, पण थायरॉईडला, बीजकोशाला, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीला काम करायचा निरोप हीच धाडते. तिचा निरोप थांबला की बाकीच्या ग्रंथी चांगल्या असूनही मंदावतात.

थायरॉईडचा निरोप थांबला तर थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, वजन वाढतं आणि विचारसुद्धा सावकाश चालतो. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक कमी पडलं तर उठताना चक्कर, मळमळ, भूक नाही, अंगात त्राण नाही. वाढीचं संप्रेरक मोठ्या माणसालाही लागतं. ते घटलं की थकवा येतो, उमेद जाते, लक्ष लागत नाही. बाईची पाळी जाते. पुरुषाची इच्छा जाते, दाढी विरळ होते, आणि तो हे लाजेखातर डॉक्टरलाही सांगत नाही. चिडचिड मात्र घरच्यांवर निघते. काहींना मार लागल्यानंतर लवकरच अतोनात तहान लागते आणि रात्रभर लघवीला उठावं लागतं. साखर नसतानाही असं होतं, आणि तेही याच ग्रंथीमुळं. जिची पाळी वयानं गेलीय किंवा पिशवी काढलीय, तिला पाळीची खूण मिळणार नाही. तिच्याकडं जास्त लक्ष द्या.

एक मात्र सांगते. मार लागलेल्या प्रत्येकाची ग्रंथी बिघडते असं नाही. विसराळूपणा, संताप, उदासी हे मेंदूला झालेल्या इजेमुळंही होतं. फिटच्या गोळ्यांनीही सुस्ती येते. पण ग्रंथीचा दोष औषधानं भरून काढता येतो, म्हणून तो शोधायचा. जगभरातले बरेच अभ्यास २००७ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा दवाखान्यात तपासलेल्या अशा रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांत या ग्रंथीचा काही ना काही दोष निघाला. हे काही थोडं नाही.

शोधायचं कसं? डॉक्टरांना आधी स्वतःहून सांगा, "सहा महिन्यांपूर्वी डोक्याला मार लागला होता." अंगदुखीची, अशक्तपणाची बाई म्हणून गेलात तर तोंडावर लोहाच्या गोळ्या मिळतील. तपासणी रक्ताची असते. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास बघतात. थायरॉईडमध्ये नुसती टीएसएच पुरत नाही, कारण या आजारात ती ठीकही दिसू शकते. सोबत फ्री टी-फोर लागते. सीटी स्कॅन चांगला आला म्हणून ग्रंथी चांगली, असं धरू नका. गावच्या केंद्रात हे सगळं होणार नाही. आशाताईंना सोबत घ्या, जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात जा, दवाखान्याचा जुना कागद न्या. काहींची ग्रंथी वर्षभरात आपोआप सुधारते, काहींची उशिरा बिघडते, म्हणून पुन्हा तपासायला बोलावलं तर जायचं.

बाळंतपणाचंही इथंच सांगते. प्रसूतीत फार रक्त गेलं तरी हीच ग्रंथी सुकते. ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली हे लिहून ठेवलं. अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत आलीच नाही आणि वर्षानुवर्षं अशक्तपणा, अशी एखादी काकी किंवा मावशी तुमच्या वाडीत असेल तर तिलाही पाठवा.

उपचारात कमी पडलेलं संप्रेरक गोळीनं किंवा इंजेक्शननं देतात. थकवा आणि मनाची मरगळ पुष्कळदा हलकी होते, आठवण पूर्ण परत येईलच असं नाही. दोन्ही कमी असतील तर कॉर्टिसॉलची गोळी आधी आणि थायरॉईडची नंतर सुरू करतात. उलट केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी घेऊन बघू नका. कॉर्टिसॉलची गोळी "स्टेरॉईड आहे, वाईट असते" असं कुणी सांगितलं म्हणून एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला, ऑपरेशन ठरलं तर डोस वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळं गोळी पोटात टिकेना, माणूस गुंगीत जाऊ लागलं, तर १०८ ला फोन करा आणि इंजेक्शन लागेल हे पहिल्या वाक्यात सांगा. तेवढं लिहिलेली चिठ्ठी तिच्या पिशवीत असू द्या, आणि दुसरी घरात दाराजवळ चिकटवा.