एका तासाचे लिखाण



बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्याआधीच सॉलिसिटर झाले होते. आज त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या उमेदवारांना लंडनच्या मोठ्या सॉलिसिटर कंपन्या निवडीसाठी ‘असेसमेंट सेंटर’ला बोलावतात. तेथे मुलाखत असते, गटचर्चा असते आणि बहुधा एक लेखी कामही असते. आपली मुले या लेखी कामालाच अधिक भितात. “आमचे इंग्रजी कच्चे,” असे तुम्ही म्हणता. परंतु तेथे अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही. नेमके काय विचारले आहे ते ओळखता येते की नाही, हे तेथे पाहतात.

समजा, एक अशील कारखाना विकत घेणार आहे. तुमच्यापुढे भाडेपट्टा, पत्रव्यवहार व हिशेब असा गठ्ठा ठेवतात आणि एका तासात वरिष्ठ भागीदारासाठी टिपण मागतात. आपला हुशार विद्यार्थी सर्व कागदांचा सारांश लिहीत बसतो आणि येथेच फसतो. भाडेपट्ट्यात एक कलम आहे: जागामालकाच्या लेखी संमतीवाचून हस्तांतर करता येणार नाही. मग टिपणाचे पहिले वाक्य हेच हवे की, संमती मिळेपर्यंत व्यवहार पुरा करू नये. कारणे त्यानंतर द्यावीत. जे कागद निरुपयोगी आहेत, ते सोडून देण्याचे धैर्य ठेवावे.

प्रथम सूचना दोनदा वाचा. लिहायचे कोणाला, भागीदाराला की अशिलाला? अशिलास लिहिताना कायद्याची परिभाषा टाळा. वाचनास १५ मिनिटे, आखणीस ५, लेखनास ३० आणि तपासणीस १० मिनिटे ठेवा. अपुऱ्या सुंदर उत्तरापेक्षा पुरे झालेले साधे उत्तर बरे.

तयारीला महागडा शिकवणीवर्ग नको. घरातला भाडेकरार घ्या, घड्याळ लावा आणि त्यातील धोका आपल्या आईला कळेल अशा अर्ध्या पानात मराठीत किंवा उर्दूत लिहा. मग तेच इंग्रजीत लिहा. आईला कळले नाही, तर दोष इंग्रजीचा नसून विचाराचा आहे, असे समजा. आठवड्यातून दोनदा, तीन महिने हे करून पाहा.

अल्लाह तुमच्या मेहनतीला यश देवो. खुदा हाफिज.