राहते घर विकताना



घर बांधण्याविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. घर विकण्याविषयी मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित घर विकणे म्हणजे काहीतरी खाली पाहायला लावणारी गोष्ट, अशी समजूत आहे. त्यामुळे ज्याच्यावर ती वेळ येते त्याला चार गोष्टी विचारायला माणूस सापडत नाही. मलाही सापडला नाही. आमचे संगमेश्वर तालुक्यातले घर आम्ही विकले, आणि त्या खटाटोपात जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. मी कायद्याचा जाणकार नव्हे, की घरांचा दलालही नव्हे. कॉलेजात मुलांना शिकवतो, एवढेच. तेव्हा ऐकताना तेवढी सूट द्या.

ही वेळ का येते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन-तीन पिढ्या घरातला कर्ता पुरुष मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत. गावाकडचे घर चालायचे मनीऑर्डरीवर. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, पण मुंबईला गेलेली माणसे मुंबईचीच झाली. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली तेव्हा वाटले, आता घरे पुन्हा उघडी राहतील. तसे काही झाले नाही. गणपतीला आणि शिमग्याला येणे सोपे झाले, आणि चार दिवसांनी परत जाणेही सोपे झाले. जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे घर वर्षातले अकरा महिने कुलूप लावून ठेवण्यासाठी बांधलेले नसते. चूल पेटली, धूर वाशांना लागला, जमीन सारवली गेली, मे महिन्यात शाकारणी झाली, तरच ते उभे राहते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एक फुटके कौल बदलायचे राहिले तर त्या पावसाला तेवढी वाट पुरते.

आमच्या घरात मात्र माणूस होते. माझ्या धाकट्या काकू, वय एक्याऐंशी, मूलबाळ नाही. काका गेल्यावर पंधरा वर्षे त्या एकट्या तिथे राहिल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी परसदारी पाय घसरून पडल्या आणि दुपारपर्यंत तशाच पडून होत्या. शेजारची मुलगी ताक मागायला आली म्हणून कळले. त्यानंतर घर विकायचे ठरले. आणि हे लक्षात घ्या, घराचे जे पैसे येणार त्यातल्या काकूंच्या वाट्यावरच त्यांचे पुढचे सगळे चालायचे होते. किंमत चांगली यावी यात आमचा लोभ होताच, नाही कशाला म्हणू, पण तो सगळाच लोभ नव्हता.

आता घर दाखवायचे म्हणजे काय करायचे? अमेरिकेत १९७० नंतर या कामाचा स्वतंत्र धंदाच झाला आहे. विकाऊ घर सजवून देणारी माणसे असतात. घरच्यांचे फोटो काढून ठेवतात, जुने सामान हलवतात, भिंतींना फिका रंग देतात, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला वाटावे की हे घर त्याचीच वाट पाहत आहे, अशी सगळी मांडामांड. यात वावगे काही नाही. आपणही पाहुणे यायचे म्हणजे ओटी झाडतोच.

आमच्या घरी झाडणे हे काम एका दिवसाचे नव्हते. माळ्यावर काय होते म्हणता? तीन पिढ्यांची घंगाळे, मोडकी बाजेची खुरे, एका चाकाची सायकल, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सुपे, पायल्या, पाळण्याचे लाकडी पोपट आणि दोन ट्रंका भरून कागद. येथे एक सावधगिरीची सूचना. घर विकणार अशी कुणकुण लागली की जुने पितळ आणि जुने लाकूड विकत घेणारे लोक दारात हजर होतात. आमच्याकडचा एक फणसाच्या लाकडाची पेटी मोडीच्या भावाने मागत होता. घाईने काही देऊ नका. आणि मोडी कागद किंवा पोथ्या असतील तर रद्दीत तर मुळीच घालू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असले कागद सांभाळत आले आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागू होतो. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, गावात असे दप्तर निघाले तर निदान ते कोरड्या जागी ठेवायला सांगा. वाळवीला मोडी वाचता येत नाही, पण खाता येते.

ट्रंकांतल्या कागदांनी आम्हाला दुसऱ्याच फेऱ्यात टाकले. घर होते आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन पन्नास वर्षे झाली होती. आम्ही समजत होतो, ग्रामपंचायतीत घरपट्टी आमच्या नावाने लागते, म्हणजे घर आमचे. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा घरपट्टीपुरता असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. सातबाऱ्यावर वारस लागलेले नव्हते. मग तलाठ्याकडे वारसतपास, फेरफार. आणि वारस म्हणजे नुसते मुलगे नव्हेत. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मजात हक्क मिळाला. बाप त्या वेळी हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्याआधीही, १९५६ च्या कायद्याने, बापामागे त्याच्या वाट्यात मुलीला आणि विधवेला हिस्सा होताच. आमच्या दोन आत्या. एक हयात, दुसरीचे मुलगे कोल्हापुरात. लग्नात एवढे दिले, तेवढे दिले, अशी जी भाषा आपण अशा वेळी काढतो ती कायद्यापुढे चालत नाही, आणि खरे सांगायचे तर माणुसकीपुढेही चालू नये. कोणाला हक्क सोडायचाच असेल तर तो नोंदलेल्या हक्कसोडपत्राने सुटतो, तोंडाने सुटत नाही. आमच्या आत्याने सोडला नाही. तिने वाटा घेतला, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते मी इथे सांगत नाही.

आणखी एक. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला आपलाच हिस्सा तेवढा कोणी परक्याला विकला, तरी त्या परक्याला बाकीच्यांबरोबर त्या घरात राहायला येता येत नाही, त्याला वाटपच मागावे लागते. म्हणून ‘मी माझा वाटा विकून मोकळा होतो’ ही धमकी जितकी मोठी वाटते तितकी ती नसते. घराभोवतीची जमीन शेतीची असेल तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे, सामान्यतः, शेतकरी नसलेल्याला ती कलेक्टरांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. गिऱ्हाईक मुंबईचे असेल तर हे आधी विचारून घ्यावे. कागदांचे हे सारे व्हायला आम्हाला चौदा महिने लागले. मग गिऱ्हाइके येऊ लागली.

माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, डोंबिवलीला असतात. व्यवहाराला चोख माणूस. ते म्हणाले, “काकूला पंधरा दिवस मी घेऊन जातो. तिची खाट, तिची औषधं, ती दोरीवरची लुगडी, हे सगळं माजघरात बघून गिऱ्हाईक उंबऱ्यातच बिचकतं. घर मोकळं दिसलं पाहिजे.” यात तथ्य होते. पण काकू म्हणाल्या, “मला नेऊन काय दाखवणार त्यांना? घरात माणूस नाही, हे?” आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

खरी अडचण खाटेची नव्हतीच. माजघरावरची तुळई वाळवीने धरली होती. बाहेरून दिसायचे काही नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले की भरीव लाकडाचा आवाज यायचा नाही, रिकाम्या डब्यासारखा यायचा. भिंतीशी मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या. दादांनी त्या खरवडून टाकल्या, तुळईला काळा ऑइलपेंट दिला आणि ओल आलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून वर पिवळा डिस्टेंपर मारला. पेठेतल्या नव्या दुकानासारखे घर चकचकू लागले. मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही. उलट मनातल्या मनात हिशेब केला की एवढ्याने लाखभराचा तरी फरक पडेल, आणि त्यातला काकूंचा भाग किती.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात पंचावन्नावे कलम आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष, मग तो मिळकतीतला असो की तिच्या मालकीतला, विकणाऱ्याने आपण होऊन सांगितला पाहिजे, असे ते सांगते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण काहीतरी चुकते आहे हे ओळखायला कलम कशाला लागते?

गिऱ्हाईक आले जुलैत. ठाण्याचे गृहस्थ, बरोबर पत्नी. मूळ राजापूरकडचे, त्यामुळे शेतजमिनीची अडचण नव्हती. दादा त्यांना ओटी दाखवीत होते, झोपाळा दाखवीत होते. ती मंडळी माजघरात शिरली, आणि काकूंनी खाटेवर बसल्या बसल्या काठी उचलून तुळईला टेकवली. “पाहुणे, इथं फार वेळ उभे राहू नका. ही वाळवीनं खाल्लीय. पोरांनी रंग दिलाय, पण आत काही नाही.”

दादांचा चेहरा काय झाला ते रेडिओवर दाखवता येत नाही!

ते गृहस्थ हसले. खाली बसले आणि काकूंनाच विचारू लागले. गळते कुठे? काकूंनी सांगितले, देवघराच्या कोपऱ्यात आणि न्हाणीघराच्या पन्हळीपाशी. विहिरीला मेमध्ये पाणी किती? दोन घागरी सकाळी, दोन संध्याकाळी, त्यापुढे गढूळ. खालच्या वाडीतली माणसे आपल्या खळ्यातून पाखाडीला जातात, ती वाट अडवू नका, माझे लग्न झाले तेव्हापासून ती आहे. (अशी वीस वर्षांहून अधिक हक्काने आणि बिनतक्रार वापरात असलेली वाट सहसा कायद्यानेही बंद करता येत नाही, हे मला मागाहून वकिलांनी सांगितले.) शिमग्याला पालखी अंगणात येते, तिला नाही म्हणू नका. असा तासभर तो वर्ग चालला होता. त्या सिमेंटच्या गिलाव्यातून ओल पुन्हा बाहेर आली होती, आणि पिवळ्या भिंतीवर आंब्याच्या कोयीएवढे डाग उठले होते. तेही काकूंनी दाखवले.

तुमच्यापैकी कोणी घर घेणार असेल तर एक सांगतो, जांभ्याचे घर पाहायचे ते आषाढात. मार्गशीर्षात कोणतेही घर सुंदर दिसते. आणि विकणारा असाल तर जांभ्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. तो दगड पाणी पितो आणि सोडतो. बाहेरून सिमेंटने कोंडले की ते आत राहते. चुन्याचा गिलावा, चुन्याची सफेदी, फुटकी कौले बदललेली, पन्हळी साफ, परसातले रान काढलेले, रहाटाला नवी दोरी, एवढे केले की झाले. हा खर्च भरून निघतो. तुळईवरचा रंग आमच्या बाबतीत भरून निघाला नाही.

आठवड्याने ते गृहस्थ सुताराला घेऊन आले. सुताराने तुळई, तिच्यालगतचे चार वाशे आणि देवघराच्या चौकटीचा खालचा भाग बदलावा लागेल असे सांगितले. त्याने जो आकडा घातला तो किमतीतून वजा झाला, वर थोडे आणखी. दादा महिनाभर काकूंशी बोलले नाहीत. आणि मी पैशांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा काकूंच्या वाट्यात साधारण दोन वर्षांच्या औषधांइतकी तूट आली. ती आम्ही भावंडांनी वाटून घ्यायचे ठरवले आहे. दादांचा हप्ता उशिरा येतो, पण येतो.

खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदले गेले त्या दिवशी काकू स्वतः आल्या आणि अंगठा न देता सही केली. देव आधीच चिपळूणला माझ्या बहिणीकडे नेले होते, काकूही आता तिथेच असतात. देवघराच्या चौकटीवर आमच्या सगळ्या पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या. तो भाग सुताराने काढून बाजूला ठेवला आहे, कोणी न्यायला येईल म्हणून. अजून कोणी गेलेले नाही. ओटीवरच्या खुंटीला एक पितळी कंदील होता. तो खरेदीखतात लिहिलेला नव्हता आणि ताबा देताना तिथे नव्हता. तो कोणी नेला यावर आम्हा भावांचा वाद अजून चालू आहे. माझा संशय आत्यावर आहे.